वंशावळीतील हृदय : पाटण्याचा शिलालेख, क्वेबेकचे एक घराणे आणि हृदयातील सूक्ष्म रक्तवाहिन्या

१/ जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगरपायथ्याशी पाटणे नावाचे गाव आहे. तेथील शके ११२८, म्हणजे इ.स. १२०७ च्या शिलालेखात थोर गणिती भास्कराचार्य यांच्या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत नऊ पिढ्या त्यात येतात. हा चांगदेव म्हणजे तापीकाठचे योगी चांगदेव नव्हेत. हा भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघण याच्या दरबारातील ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने मठ स्थापिला, त्याची ही नोंद. एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. इतिहाससंशोधनाइतकेच ते वैद्यकातही नामांकित होते.

२/ त्या नऊ पिढ्यांत नऊ पुरुषांची नावे आहेत. कोणाला कोणत्या राजाने कोणती पदवी दिली, कोण कोणत्या शास्त्रात निष्णात होता, हे लेख सांगतो. भास्कराचार्यांची आई कोण होती, हे सांगत नाही. जुन्या वंशावळींची रीतच ती होती. विद्या, वतन आणि मान यांचा वारसा त्या नोंदवत. शरीराचा वारसा नोंदवण्याचे कारण कोणाला पडले नव्हते. या थ्रेडचा विषय तोच दुसरा वारसा आहे: हृदयाच्या स्नायूचा एक आनुवंशिक विकार. त्याचा इतिहास वंशावळी मांडूनच उलगडला, आणि त्याचा एक धागा पाटण्याच्या मातीपर्यंत येऊन पोहोचतो.

३/ या विकाराचे नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची भिंत, विशेषतः दोन कप्प्यांमधला पडदा, उच्च रक्तदाब किंवा झडपेचा दोष नसतानाही जाड होतो. प्रौढांत ही जाडी १५ मिलिमीटर किंवा अधिक झाली की निदानाकडे बोट जाते. साधारण ५०० माणसांत एकाला हा विकार असतो, असा अंदाज अमेरिकेतील तरुणांच्या पाहणीतून १९९५ मध्ये मांडला गेला. यांपैकी बहुतेक जण पूर्ण आयुष्य जगतात. काहींना धाप लागते, छातीत दुखते, चक्कर येते. थोड्या जणांच्या बाबतीत मात्र पहिले लक्षण म्हणजेच अकस्मात मृत्यू असतो, आणि तोही पुष्कळदा ऐन तारुण्यात.

४/ कारण ठाऊक नसलेल्या काळात अशा मृत्यूंचा अर्थ समाजाने आपापल्या परीने लावला. धडधाकट मुलगा धावताना, कुस्ती खेळताना, शेतात राबताना कोसळला, तर नजर लागली, बाधा झाली, देवाचा कोप झाला असे म्हटले गेले. लग्नानंतर लवकरच नवरा गेला तर सून ‘पांढऱ्या पायाची’ ठरली. त्याच घरात आधीच्या पिढीत एक काका असाच गेला होता, ही गोष्ट त्या वेळी कोणी जोडून पाहिली नाही. पुढच्या शतकात वैद्यकाने नेमके हेच जोडून पाहण्याचे काम केले.

५/ आधुनिक कथा १९५८ मध्ये सुरू होते. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधील न्यायवैद्यक तज्ज्ञ डोनाल्ड टीअर यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ८ तरुण रुग्णांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. अकस्मात मृत्यूंची शवविच्छेदने हे टीअर यांचे रोजचे काम; पुढे १९७० मध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्स याचे शवविच्छेदनही त्यांनीच केले. या हृदयांत त्यांना मधला पडदा एकांगी फुगलेला दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तंतू समांतर न राहता वेडेवाकडे, एकमेकांत गुंतलेले होते. ते दृश्य इतके विलक्षण होते की टीअर यांना प्रथम ही एक प्रकारची गाठ असावी असे वाटले.

६/ गाठ एका माणसाला होते. हा विकार घराण्यात फिरतो, हे लवकरच ध्यानी आले. १९६० मध्ये टीअर यांच्यासह जॉन गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका संपूर्ण कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शवविच्छेदनाच्या टेबलावरून शोध आता घराघरांत गेला. कोण कोणाचा भाऊ, कोणाची मुलगी, कोण किती वयात आणि कसे गेले, ही माहिती प्रयोगशाळेतील निरीक्षणाइतकीच मोलाची ठरली.

७/ पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, कॅनडातील पारे आणि सहकाऱ्यांनी क्वेबेक प्रांतातील एका फ्रेंच-कॅनडियन घराण्याची वंशावळ मांडली. अनेक पिढ्यांत, स्त्री-पुरुष दोघांतही, तोच विकार आणि तेच अकाली मृत्यू. कोएटिकूक परिसरात या घराण्यावर शाप आहे अशी बोलवा होती. वंशावळीने शापाचा नियम दाखवून दिला: बाधित आई किंवा बाप असेल तर प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा की मुलगी, थोरले की धाकटे, याने फरक पडत नव्हता.

८/ याच घराण्याच्या रक्तनमुन्यांवरून क्रिस्टीन आणि जोनाथन साइडमन यांच्या गटाने १९८९ मध्ये दोषाचे स्थान १४ व्या गुणसूत्रावर निश्चित केले. १९९० मध्ये जनुकही हाती आले. ते मायोसिन या प्रथिनाचे होते. हृदयाचा स्नायू आकुंचन पावतो तो या प्रथिनाच्या ओढीने. १९९५ मध्ये ११ व्या गुणसूत्रावरील दुसरे जनुक सापडले. ते मायोसिनला बांधून ठेवणाऱ्या आणि त्याच्या कामाला लगाम घालणाऱ्या प्रथिनाचे. त्याचे शास्त्रीय नाव एमवायबीपीसी३. भारताच्या संदर्भात हे नाव लक्षात ठेवायचे आहे.

९/ जनुक सापडले तरी एक कोडे शिल्लक होते. या रुग्णांच्या छातीत दुखे, अगदी हृदयविकाराच्या झटक्यासारखे. पण अँजिओग्राफी केली तर मोठ्या रोहिण्या स्वच्छ दिसत. कोठेही चरबीचा अडथळा नसे. तरीही मृत्यूनंतर हृदयाच्या स्नायूत रक्ताविना मेलेल्या पेशींचे व्रण आढळत. नदीला पाणी आहे, पण शेत सुकले आहे, अशी ही अवस्था. उत्तर पाटाच्या शेवटच्या चाऱ्यांत शोधायला हवे होते.

१०/ हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रोहिण्या त्याच्या पृष्ठभागावर पसरलेल्या असतात. त्यांच्या फांद्या स्नायूच्या आत शिरतात, बारीक होत जातात आणि अखेर केसाहून सूक्ष्म केशवाहिन्यांत मिळतात. हृदयाची एक अडचण अशी की विश्रांतीतही ते मिळालेल्या रक्तातील बहुतांश प्राणवायू वापरून टाकते. जिना चढताना अधिक प्राणवायू हवा असेल तर अधिक रक्त मागवणे हाच उपाय उरतो. हे काम सूक्ष्म रोहिण्या करतात: त्या सैल होतात, रुंदावतात, आणि निरोगी हृदयात रक्तप्रवाह विश्रांतीच्या तुलनेत तिप्पट-चौपट वाढू शकतो.

११/ या विकारात ही राखीव क्षमता तीन बाजूंनी कापली जाते. सूक्ष्म रोहिण्यांच्या भिंती स्वतःच जाड होतात आणि आतली पोकळी अरुंद होते. स्नायू वाढतो, पण त्या प्रमाणात केशवाहिन्या वाढत नाहीत, म्हणून प्रत्येक पेशीच्या वाट्याला कमी रक्त येते. शिवाय हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीला रक्त मुख्यतः हृदय सैलावते त्या क्षणात मिळते. ताठर झालेली भिंत नीट सैलावत नाही, आतला दाब चढा राहतो आणि बारीक वाहिन्या बाहेरून दाबल्या जातात. मागणी वाढलेली आणि पुरवठा आवळलेला, असा हा दुहेरी पेच आहे.

१२/ याचा ठोस पुरावा १९८६ मध्ये बॅरी मॅरन आणि सहकाऱ्यांनी दिला. या विकाराने दगावलेल्यांच्या हृदयांची त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. सुमारे ८३ टक्के हृदयांत स्नायूंच्या आतील लहान रोहिण्यांच्या भिंती जाड आणि पोकळ्या अरुंद होत्या. जेथे व्रण दाट, तेथे अशा वाहिन्याही अधिक. म्हणजे हा केवळ स्नायूचा आजार राहिला नाही. स्नायू आणि त्याला पोसणाऱ्या वाहिन्या यांचा तो जोडआजार ठरला.

१३/ मृतांच्या हृदयात दिसलेले जिवंत माणसात मोजता येईल का? १९९१ मध्ये पाओलो कामिची आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी अमोनिया आणि पेट स्कॅन वापरून रक्तप्रवाह मोजला. वाहिन्या रुंदावणारे औषध दिल्यावर या रुग्णांत प्रवाह अपेक्षेइतका वाढला नाही. जाड झालेल्या भागात हे घडले यात नवल नव्हते. नवल याचे की ज्या भागांची जाडी सामान्य होती तेथेही सूक्ष्म वाहिन्या नीट सैलावत नव्हत्या. दोष जाडीच्या सावलीत लपलेला नव्हता. तो संपूर्ण हृदयभर पसरलेला होता.

१४/ २००३ मध्ये इटलीतील फ्रँको चेक्की आणि सहकाऱ्यांनी ५१ रुग्णांचा सुमारे ८ वर्षे पाठपुरावा करून निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांच्या सूक्ष्म वाहिन्यांची क्षमता सुरुवातीला सर्वांत कमी होती, त्यांच्यातच पुढे मृत्यू आणि हृदयाची ढासळण अधिक झाली. त्यांपैकी अनेकांना आरंभी फारसा त्रासही नव्हता. २०११ मध्ये त्याच परंपरेतील अभ्यासाने दाखवले की ज्यांच्यात स्नायुतंतूंच्या जनुकांचा दोष सापडतो त्यांच्यात सूक्ष्म वाहिन्यांचे काम अधिक बिघडलेले असते. ‘अँजिओग्राफी नॉर्मल आहे’ हे वाक्य मोठ्या रोहिण्यांपुरते खरे असते, हा या पंचवीस वर्षांच्या संशोधनाचा धडा.

१५/ आता कथा भारतात येते. २००३ मध्ये जर्मन व भारतीय संशोधकांनी भारतीय कुटुंबांत एमवायबीपीसी३ जनुकातील २५ अक्षरांचा एक तुकडा गळालेला असल्याचे नोंदवले. तीच गळती केरळ-तमिळनाडूतील निरोगी लोकांतही आढळली, हे तेव्हाच लक्षात आले होते. २००९ मध्ये पेरुंदुराई धंदापाणी, हैदराबादच्या सीसीएमबीचे कुमारस्वामी थंगराज आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय उपखंडातील वंशाच्या सुमारे ४ टक्के लोकांत ही गळती आहे, आणि ती असणाऱ्यांत हृदयस्नायूच्या विकारांचा धोका सुमारे सातपट दिसतो, असे त्यात म्हटले होते.

१६/ इतक्या लोकांत आढळणारी खूण नवी असू शकत नाही. ती अंदाजे ३३ हजार वर्षांपूर्वी उगम पावली असावी, असे संशोधकांचे गणित होते. या गणितातील त्रुटीची कक्षा मोठी आहे, तरी काळ पुराश्मयुगाचाच ठरतो. शेती नव्हती, जाती नव्हत्या, मराठी किंवा अहिराणी यांची चाहूलही नव्हती. त्या काळातील माणसाचा खानदेशातील पुरावा पाहायचा असेल तर पुन्हा पाटण्यालाच जावे लागते.

१७/ १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी पाटण्यात उत्खनन केले. शिलालेखाच्या कितीतरी खाली, उत्तर पुराश्मयुगीन थरांत, दगडी पात्यांबरोबर शहामृगाच्या अंड्याची कवचे आणि त्या कवचांचे मणी मिळाले. एका कवचावर कोरलेली नक्षी आहे. कवचाचे किरणोत्सारी कार्बनने काढलेले वय सुमारे २५ हजार वर्षे. भारतात एकेकाळी शहामृग होते याचा डीएनए पुरावा २०१७ मध्ये राजस्थान-मध्य प्रदेशातील कवचांवरून पुढे आला, तोही सीसीएमबीमधूनच. पाटण्याचे मणी त्यांच्या कारागिराच्या गुणसूत्रांविषयी काही सांगत नाहीत. गिरणा-तापीच्या या प्रदेशात कोणीतरी मणी ओवत बसले होते त्या काळातही ही जनुकीय खूण जुनीच होती, एवढा काळाचा मेळ मात्र ते घालून देतात.

१८/ घातक खूण हजारो वर्षे टिकेल कशी, हा स्वाभाविक प्रश्न. २००९ च्या संशोधकांचे उत्तर असे की तिचा त्रास पुष्कळदा उतारवयात होतो. तोवर मुले झालेली असतात आणि खूण पुढच्या पिढीत गेलेली असते. पण याच प्रश्नात एक शंका दडली होती. ४ टक्के लोकांत हा दोष असेल आणि तो खरोखर इतका घातक असेल, तर रुग्ण कितीतरी अधिक दिसायला हवे होते.

१९/ शंका खरी ठरली. २०१८ मध्ये अमेरिकेतील दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांच्या अभ्यासात दिसले की गळती असणाऱ्यांपैकी थोड्यांमध्ये त्याच जनुकात आणखी एक बदल आहे आणि हृदयाच्या कामातील फरक त्यांच्यात दिसतो. २०२० मध्ये आणखी एका संशोधनाने त्याच जनुकातील, त्याच गळतीसोबत वारशाने येणारा एक वेगळा आणि दुर्मीळ दोष दाखवला. हायपरट्रॉफिक विकाराचा धोका मुख्यतः त्या दोषामुळे होता. केवळ २५ अक्षरांची गळती असणाऱ्यांत तो तसा वाढलेला दिसला नाही. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर एकाच दप्तरात बांधलेल्या दोन कागदांपैकी निरुपद्रवी कागदावर आरोप ठेवला गेला होता. कोट्यवधी भारतीयांना जन्मतः रोगी ठरवणाऱ्या मथळ्यांचे महत्त्व त्यामुळे उरले नाही. विकार मात्र खरा आहे आणि घराण्यांतून फिरणारे इतर दोषही खरे आहेत.

२०/ येथे धुळ्याची आठवण समर्पक ठरते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला आणि त्यांचे दप्तर तेथील राजवाडे संशोधन मंडळाने जपले. गावोगाव फिरून, घरातील माळ्यांवर आणि बासनांत पडलेले कागद मिळवून राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने उभी केली. घरातला क्षुल्लक वाटणारा कागद हे अव्वल दर्जाचे साधन असू शकते, हा त्यांच्या कामाचा आधार होता. आनुवंशिक हृदयविकाराचा शोध अगदी याच पद्धतीने चालतो.

२१/ येथे साधने वेगळी आहेत. पत्र्याच्या पेटीतील जुना ईसीजी, एखादा इकोचा अहवाल, मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलेले कारण, आजीला आठवणारी एखादी गोष्ट. ‘मोठा मामा चाळिशीच्या आत झोपेत गेला’, ‘आत्याला जिना चढताना भोवळ येई’ ही वाक्ये कुटुंबात दुःख म्हणून सांगितली जातात. वैद्यकाच्या दृष्टीने ती पुरावा असतात. आणि येथे पाटण्याच्या शिलालेखाची रीत चालत नाही. हा दोष आईकडूनही तितकाच येतो. भाटांच्या पोथीत नसलेल्या लेकी, आत्या, मावश्या आणि त्यांची मुले या वंशावळीत लिहावीच लागतात.

२२/ एका व्यक्तीला हा विकार असल्याचे कळले की तिचे आईवडील, भावंडे आणि मुले यांनी ईसीजी आणि टूडी इको करून घ्यावा, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत या तपासण्या होतात. एकदा अहवाल चांगला आला म्हणून विषय संपत नाही. स्नायूची जाडी पुष्कळदा किशोरवयात किंवा त्यानंतर दिसू लागते, म्हणून मुलांची तपासणी दर वर्षा-दोन वर्षांनी आणि मोठ्यांची तीन ते पाच वर्षांनी पुन्हा करतात. कुटुंबातील नेमका जनुकीय दोष सापडला असेल तर ज्या नातेवाइकात तो नाही त्याची या फेऱ्यांतून सुटका होते.

२३/ उपायांचाही आता इतिहास तयार झाला आहे. १९६० च्या दशकात अमेरिकी शल्यविशारद अँड्रू मॉरो यांनी जाड पडद्याचा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. १९९५ मध्ये उलरिक सिगवार्ट यांनी छाती न उघडता, पडद्याच्या रोहिणीत अल्कोहोल सोडून तो भाग आक्रसवण्याची पद्धत मांडली. धोक्याच्या रुग्णांत बसवलेले लहान यंत्र प्राणघातक अनियमित ठोके ओळखून धक्का देते आणि जीव वाचवते. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले मावाकॅम्टेन हे औषध थेट मायोसिनची अतिरेकी ओढ कमी करते; क्वेबेकच्या घराण्यात सापडलेल्या जनुकाने दाखवलेल्या वाटेनेच हे संशोधन तेथवर आले. सूक्ष्म वाहिन्यांना पूर्ववत करणारा खात्रीचा उपाय मात्र अजून शोधला जात आहे.

२४/ डोनाल्ड टीअर यांच्या टेबलावरच्या ८ हृदयांपासून हा शोध सुरू झाला आणि सहा दशकांत मृत्यूला नाव, नावाला कारण आणि कारणाला काही उपाय मिळाले. त्या वाटेवर सर्वांत मोठे सहकार्य सामान्य कुटुंबांचे होते; आपल्या घरातील अकाली मृत्यू न लपवता त्यांनी ते पिढीवार सांगितले. ज्या सुनेला पांढऱ्या पायाची म्हटले गेले तिचा त्या मृत्यूशी काही संबंध नव्हता, हेही अशा वंशावळीनेच सिद्ध होते: दोष ती घरात येण्यापूर्वी कित्येक पिढ्या तेथे होता. खानदेशातील एखाद्या घरात असे दोन तरुण मृत्यू झाले असतील, तर त्या घरातील तिसऱ्या तरुणासाठी ही नोंद आजच लिहून डॉक्टरांपुढे ठेवण्यासारखी आहे.